मनीऑर्डरचा अंगठा आणि कार्डाचा पिन

रोख बरी की कार्ड बरं, हा वाद आता घरोघरी चालतो. तरुण मंडळी म्हणतात कार्ड झटपट, आमच्या वयाची म्हणतात रोख सुरक्षित. या वादात आपल्या कोकणालाही काही सांगण्यासारखं आहे. दूरवरून येणाऱ्या पैशावर आपल्या कित्येक पिढ्या जगल्या.

भारतात टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली १८८० साली. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पगार झाला की फॉर्म भरायचा आणि इकडे रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत पोस्टमन त्याच्या आईच्या हातावर नोटा मोजायचा. माझ्या लहानपणी पैसे पोचायला आठवडासुद्धा लागे. पुढे पुढे तर वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन पडे. पण व्यवस्था बघा. पाठवणाऱ्याला पावती, घेणाऱ्याची सही. सही येत नसेल तर अंगठा आणि शेजारी साक्षीदार, पुष्कळदा गावचा मास्तरच! मग पोच परत मुंबईला. पैसा हळू चाले, पण "मिळाले" म्हणणारं माणूस ओळखीचं असे.

कार्डाने वेग आणला. १९८७ मध्ये मुंबईत देशातलं पहिलं एटीएम आलं. डिसेंबर २०१३ पासून दुकानातही डेबिट कार्डाला पिन सक्तीचा झाला. अंगठ्याच्या जागी चार आकडे आले, साक्षीदार मात्र गेला. २०२१ पासून पाच हजारांपर्यंत पिनशिवाय, नुसतं कार्ड टेकवून पैसे देण्याची सोय झाली.

या वेगाची दुसरी बाजू पुण्याच्या कॉसमॉस बँकेने पाहिली. ११ ऑगस्ट २०१८ रोजी चोरांनी बनावट कार्डं वापरून दोन-अडीच तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. देशातली रक्कम आणि दोन दिवसांनी हाँगकाँगला वळवलेले पैसे धरून आकडा ९४ कोटींवर गेला. बँकेच्या यंत्रणेला बगल देऊन त्यांनी आपली खोटी यंत्रणा बसवली होती. ती प्रत्येक मागणीला "हो" म्हणत होती. खोटा साक्षीदारच म्हणा ना!

मग रोखच बरी? तसंही नाही. एसटीत पाकीट मारलं तर गेलं ते गेलं. कार्ड हरवलं तर फोन करून बंद करता येतं. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियमच केला की, चूक बँकेची किंवा ग्राहकाची नसून तिसऱ्याच कोणाची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर भुर्दंड त्याच्यावर पडणार नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढंच समजावून सांगा: पिन म्हणजे आपला अंगठा. पूर्वी तो उमटवताना शेजारी मास्तर उभा असे. आता फोनवर कोणी कितीही गोड बोललं, तरी आपले साक्षीदार आपणच.