घरचं नाव, मशिदीतलं नाव, कागदावरचं नाव



परदेशातल्या आपल्या घरांतली नातवंडं हल्ली वंशावळ जुळवायला बसतात आणि मग आम्हाला विचारतात, “पणजोबांचं खरं नाव कोणतं?” घरच्या वहीत सामाजी, नोकरीच्या कागदावर सॅम्युएल, कतुब्यात श्मुएल. मुलांना वाटतं, लिहिणाऱ्याने चूक केली असेल, नाहीतर पणजोबा काहीतरी लपवत असतील. तसं काही नव्हतं. आपल्या समाजात एका माणसाला तीन-चार नावं असणं ही रीतच होती, आणि कोणत्या दारात कोणतं नाव सांगायचं हे लहान पोरालाही कळत असे. आज त्या रीतीबद्दल लिहितो आहोत.

सुरुवात कुलाब्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, किनाऱ्यावरून करू. तिथल्या गावांत आपली माणसं तेलाचे घाणे चालवत. शुक्रवारी दिवस मावळला की घाणा थांबे, तो शनिवारी रात्रीपर्यंत चालत नसे. म्हणून गावाने आपल्याला नाव दिलं शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. हे नाव आपण घेतलेलं नव्हतं. शेजाऱ्यांनी जे डोळ्यांनी पाहिलं त्यावरून ते पडलं. त्यात धर्माचा उल्लेख नाही, पुस्तकाचा नाही. एक दिवस ही माणसं काम करत नाहीत, एवढंच गावाला ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर गाव आपल्याला शतकानुशतकं ओळखत राहिलं.

गावात वावरताना आपली नावंही गावाच्या वळणाची झाली. अब्राहामचा आबाजी झाला, बेन्यामिनचा बुन्नाजी, एलियाचा एलोजी, मोशेचा मुसाजी, दानिएलचा दानाजी, यहेज्केलचा हसाजी. शेवटी ‘जी’ लागला की ते नाव चावडीवर आणि बाजारात कुणाला खटकत नसे. आडनाव तर गावच देत असे. पेणचा पेणकर, किहीमचा किहीमकर, दिव्याचा दिवेकर, चौलचा चौलकर. त्याच गावच्या हिंदू शेजाऱ्याचंही आडनाव तेच. आडनावावरून गाव समजे, जात किंवा धर्म समजत नसे. धर्म कळायचा तो घरात शिरल्यावर. ताटात खवले आणि पर असलेलाच मासा, मुलाची सुंता आठव्या दिवशी, आणि ओठांवर शेमा. दावीद रहाबीने आपल्याला ओळखलं ते या खुणांवरूनच, असं परंपरा सांगते. बाहेरचं नाव कोकणी होतं म्हणून आतली खूण पुसली गेली नाही.

‘बेने इस्रायल’ हे समाजाचं नावही विचार करून घेतलेलं दिसतं. मुसलमानी अंमलात ‘यहुदी’ हा शब्द पुष्कळदा तुच्छतेने वापरला जाई, उलट कुराणात ‘बनी इस्राईल’ हा उल्लेख अनेक ठिकाणी मानाने येतो. म्हणून आपल्या वाडवडिलांनी स्वतःला इस्रायलची लेकरं म्हणवून घेणं पसंत केलं, असं आपल्या जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलं आहे. याला जोडूनच सामाजी हसाजी दिवेकरांची कथा सांगतात. कंपनीच्या फौजेत असताना ते टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. कैद्यांना त्यांची जात विचारली गेली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्रायल’ असं सांगितलं. टिपूच्या आईने ते ऐकलं, कुराणात ज्यांचा उल्लेख आहे ते लोक आपण अजून पाहिलेले नाहीत असं म्हणून तिने रदबदली केली, आणि त्यांचा जीव वाचला. कथेतला इतिहास किती आणि भर किती, ते बाजूला ठेवू. आपल्या लोकांनी ती इतकी वर्षं सांगितली यावरून एक कळतं. ऐकणाऱ्याच्या ओळखीचा शब्द उच्चारण्याला आपण लबाडी मानली नाही. तो शब्द खराच होता.

याच सामाजींनी १७९६ साली मुंबईत मांडवीला आपलं पहिलं सिनेगॉग बांधलं, शाआर हाराहामीम. पण आपली म्हातारी माणसं त्याला कधी सिनेगॉग म्हणाली नाहीत. त्यांच्या तोंडी ती ‘जुनी मशीद’. मस्जिद स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं आपल्यात सांगतात. आता या एका माणसाचीच नावं पाहा. घरात आणि फौजेतल्या सोबत्यांत सामाजी हसाजी दिवेकर. इंग्रजांच्या लेखी सॅम्युएल इझिकेल, म्हणून ज्या रस्त्यावर मशीद आहे तो सॅम्युएल स्ट्रीट. तेफिल्लाहला उभं राहिल्यावर श्मुएल बेन यहेज्केल. तीन भाषांतली तीन नावं, पण तिन्हींत माहिती एकच आहे, हसाजीचा मुलगा सामाजी. मराठी माणूस आपल्या नावापुढे बापाचं नाव लावतो आणि हिब्रूत ‘बेन’ म्हणून बापाचंच नाव येतं. या दोन रीती इतक्या जुळल्या की आपल्याला त्यांत ओढाताण वाटलीच नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र नावांचा तोल बदलला. मिशनऱ्यांच्या शाळा निघाल्या, बायबल मराठीत वाचायला मिळालं, आणि आपली नावं ग्रंथात कशी आहेत हे घरोघर कळलं. १८७५ साली हाईम सॅम्युएल किहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत समाजाची शाळा काढली, पुढे ती सर एली कदूरी शाळा म्हणून ओळखली गेली. शाळेच्या पटावर, रेल्वेत, पोस्टात, इस्पितळात इंग्रजी वळणाची नावं चढू लागली. आबाजींचे नातू अब्राहाम झाले, मुसाजींचे मोझेस.

इथेच आजच्या नातवंडांची वंशावळ अडकते. इंग्रजी कचेरीत आडनाव म्हणून पुष्कळांनी बापाचं नाव लावलं आणि गावचं नाव गाळलं. सॅम्युएल इझिकेलचा मुलगा मोझेस सॅम्युएल, त्याचा मुलगा डेव्हिड मोझेस. दर पिढीला आडनाव नवं. भावाभावांची मुलं कागदावर परकी वाटावीत अशी स्थिती. गावचं नाव ज्यांनी टिकवलं, त्यांचंच मूळ आज सहज सापडतं.

मोठ्या माणसांचंही असंच झालं. महालक्ष्मीहून वरळीकडे जाणाऱ्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस मार्ग म्हणतात. ते डॉ. एलिया मोझेस राजपूरकर, १९३७ साली मुंबईचे महापौर झाले होते. पाटीवर राजपूरकर नाही, त्यामुळे रस्त्यावरून रोज जाणाऱ्याला हा माणूस जंजिऱ्याच्या बाजूच्या राजपुरीचा, आपल्यातला, हे कळत नाही. सिनेमातले डेव्हिड सगळ्या भारताला फक्त ‘डेव्हिड’ म्हणून माहीत होते. १९५४च्या ‘बूट पॉलिश’मधल्या त्यांच्या जॉन चाचावर लोकांनी माया केली. ते डेव्हिड अब्राहाम चौलकर. उलट डॉ. जेरूशा झिराड यांचं नाव पाहा. १९२८ ते १९४७ मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख, १९६६ साली पद्मश्री, आणि नावात अलिबागजवळचं झिराड शेवटपर्यंत कायम. इस्पितळात त्या डॉक्टरीणबाई होत्या, आणि त्याच बाईंनी बहिणीसोबत १९२५मध्ये ज्यूइश रिलिजस युनियनची मुंबईत स्थापना केली. आम्हा परिचारिकांच्या पिढीला त्यांच्याबद्दल अभिमान वाटे तो या दोन्हीसाठी.

एक गोष्ट आपण फारशी बोलत नाही, तीही लिहायला हवी. आपल्याच समाजात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असा भेद होता. ज्यांची आई समाजाबाहेरची, त्यांना काळे म्हणत, आणि त्यांच्याशी सोयरीक होत नसे. म्हणजे गावाने आपल्याला अनेक नावांनिशी सामावून घेतलं, पण आपण आपल्यातल्या काहींना एकच नाव चिकटवलं आणि तेही त्यांनी न मागितलेलं. पुढे जे आपल्या वाट्याला आलं ते वाचताना याची आठवण ठेवावी.

इस्रायलला आल्यावर इतक्या वर्षांची रीत एकदम उलटली. भारतात आपण इस्रायल होतो, इथे आलो तर ‘होदीम’ झालो, म्हणजे हिंदी. तेही सोसवलं असतं. पण १९६२ साली मुख्य रब्बींच्या कचेरीने लग्न लावणाऱ्या रब्बींना सूचना पाठवल्या. लग्नातला एक पक्ष बेने इस्रायल असेल तर त्याच्या आईची, आजीची आणि जमेल तितकी मागची चौकशी करा, असं त्यांत होतं. ज्या घरात एकाच आजीला माहेरचं एक, सासरचं एक आणि मशिदीतलं एक अशी नावं होती, त्या घराने कोणता कागद पुढे करायचा? जी नावं आजवर आपल्याला चार दारांतून आत नेत होती, तीच आता दाराशी अडवणारी ठरली. आणि अपमान नुसता कागदांचा नव्हता. बाकी कोणत्याही समाजाचं नाव त्या सूचनांत नव्हतं, फक्त आपलं होतं.

१९६४च्या उन्हाळ्यात बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांमधली आपली माणसं बायकामुलांसकट येरुशलेमला जाऊन ठाण मांडून बसली. साड्या नेसलेल्या बाया आणि उन्हात तळपणारी पोरं पाहून देशाला जाग आली. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटच्या खास बैठकीत ठराव झाला की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत इतरांसारखेच यहुदी आहेत. महिनाअखेर रब्बींच्या कचेरीने सूचनांतून आपलं नाव काढून तिथे सर्वसाधारण शब्द घातले. त्या लोकांनी तिथे आपली कोकणी आडनावं लपवली नाहीत, मराठी बोलणं सोडलं नाही. आम्ही दिवेकर आहोत आणि आम्ही यहुदी आहोत, या दोन्ही गोष्टी एका दमात सांगितल्या. आमच्या मते त्या संपाचं मोठेपण यात आहे.

नावं इथेही बदललीच. हिब्रूत आपला झ नाही, ट-ठ आणि ड-ढ यांच्यात भेद नाही, च लिहायला अक्षरावर खूण द्यावी लागते. कचेरीतला माणूस ऐकेल तसं लिही, आणि तेच आडनाव होऊन बसे. शाळेत मुलांना हाक मारायला सोपं पडावं म्हणून काहींनी नावंच नवी घेतली. त्यांना बोल लावायचं कारण नाही. आबाजी म्हणवून घेणारे अब्राहामही तेच करत होते.

वॉर्डात काम करताना मात्र आम्हाला या नावांचा दुसरा अर्थ कळला. म्हातारपणी स्मृती गेलेली आपली एखादी मावशी पलंगावर असते. मनगटावरच्या पट्टीवर हिब्रू नाव असतं, आणि त्या नावाने कितीही हाका मारा, ती डोळे उघडत नाही. मग भेटायला आलेल्या लेकीला विचारायचं, “घरी काय म्हणत?” ती सांगते, “बायो.” मग जवळ जाऊन म्हणायचं, “बायोमावशी, उठा, चहा घ्या.” आणि मावशी मान वळवते. आम्ही हे एकदा नव्हे, पुष्कळदा पाहिलं. इस्पितळाच्या फॉर्मवर बापाचं नाव मागतात, आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आईचं नाव घ्यावं लागतं, आणि माणूस परत येतो तो घरच्या नावाने. एकाच रात्री एका पलंगाशी तिन्ही नावं लागतात.

हल्ली लग्नातही तेच दिसतं. मेंदीच्या रात्री नवरी हिरव्या बांगड्या भरून, साडी नेसून बसते, मराठी गाणी होतात. हुप्प्याखाली तीच मुलगी पांढऱ्या गाऊनमध्ये उभी राहते, आणि कतुब्यात तिचं हिब्रू नाव असतं. पाहुण्यांतल्या काहींना वाटतं, यातलं एक सोंग आहे. आपल्याला तसं वाटत नाही, कारण आपल्या आज्यांनीही रोज हेच केलं.

म्हणून नातवंडांना आमचं उत्तर असं: पणजोबांचं खरं नाव एक नाही, सगळीच खरी आहेत. पण ती सगळी ठाऊक असणारी माणसं आता थोडी उरली आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा आणि एक वही करा. प्रत्येकापुढे लिहा: घरचं नाव, हिब्रू नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव, आईचं नाव, गावचं आडनाव, आणि इथे आल्यावर बदललेलं नाव. बायकांची माहेरची नावं आधी लिहा, ती सर्वांत लवकर हरवतात. भारतात कबरस्तानात गेलात तर दगडाचा पूर्ण फोटो घ्या. आपल्या जुन्या दगडांवर पुष्कळदा हिब्रू, मराठी आणि इंग्रजी तिन्ही असतात, आणि एका लिपीत जे गाळलेलं असतं ते दुसरीत सापडतं.

वही भरायला एक शब्बाथची दुपार पुरते. सगळे जण जेवायला जमलेलेच असतात. लिहायचं तेवढं हावदाला झाल्यावर लिहा.