दर्यावरचा साक्षीदार

ब्राह्मणपुरीसारख्या, समुद्रापासून दूरच्या गावी बसून दर्याविषयी लिहिणे धिटाईचे खरे. परंतु आपल्या शिवारातले पाणी तापीवाटे अखेर त्याच दर्याला मिळते.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रात 'कार्ताझ' नावाचा परवाना चालू केला. पुढे कान्होजी आंग्र्यांनी आपले दस्तक काढले. परवाना गलबतावर असे आणि तो तपासायला माणसाला जावे लागे. १९८१ साली महाराष्ट्राने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला, तरी तपासणीची रीत बव्हंशी तीच राहिली.

ती पालटली २६ नोव्हेंबर २००८ नंतर. 'कुबेर' ही मच्छिमार नौका बळकावून दहशतवादी मुंबईस आले. कुलाब्याच्या किनाऱ्यावर त्यांना प्रथम हटकले ते कोळ्यांनी. त्यानंतर मच्छिमारांना ओळखपत्रे आली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला एक लाख नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला, आणि २०२५ च्या जानेवारीत महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. ही यंत्रे नौका कोठे आहे ते सांगतात. जाळ्यात काय आले आणि काय फेकले, ते त्यांना कळत नाही.

म्हणून दूरच्या समुद्रात नौकेवर निरीक्षक धाडतात. तो मासळी मोजतो, टिपून ठेवतो. पण ज्यांच्याविरुद्ध लिहायचे, त्यांच्याच पंक्तीला त्याला जेवावे लागते. २०१५ साली पेरूजवळच्या समुद्रात एक अमेरिकन निरीक्षक नौकेवरून नाहीसा झाला, तो पुन्हा सापडला नाही.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात २००६ पासून गळाने तळमासळी धरणाऱ्या नौकांवर कॅमेरे आले. नोंदवही मच्छिमारानेच लिहायची. चित्रणाचा दहावा हिस्सा तिच्याशी ताडून पाहायचा. आम्हां शिक्षकांना ही युक्ती ओळखीची आहे. तपासनीस सगळ्या वह्या पाहत नाही. पण कोणती उघडील हे ठाऊक नसल्याने सगळ्याच नीट लिहाव्या लागतात. शिवाय तेथे धक्क्यावर उतरलेली मासळी माणूसच मोजतो.

आपल्याकडे पर्ससीन जाळ्यांविरुद्ध पारंपरिक मच्छिमारांनी वर्षानुवर्षे तक्रार केली, तेव्हा कोठे २०१६ साली निर्बंध आले. समुद्र रिता होतो आहे हे त्यांनी रिकाम्या जाळ्यावरून ओळखले होते. कॅमेरा भर दर्यावर जागता राहील. पण ससून डॉकच्या धक्क्यावर मासळी ओळखणारा आणि कोणाच्या दबावाखाली नसलेला माणूस उभा केल्यावाचून त्या कॅमेऱ्याची साक्ष अपुरीच राहील.