जादूघराचा उंबरठा

आमच्या लहानपणीं पालघर-बोईसरकडे फ्रीमेसन मंडळींच्या सभागृहास ‘जादूघर’ म्हणणारीं वृद्ध माणसें भेटत. मुंबईच्या कोटांतील त्यांची इमारत बाहेरून पाहून आलेला एखादा गृहस्थ, आंत कवट्या बोलतात असें खुशाल सांगे, आणि ऐकणाराहि विश्वास ठेवी. ज्या घरांत काय चालतें तें कळत नाहीं, त्या घरांत जादूच चालत असली पाहिजे, हा लोकांचा न्याय! परंतु ह्या जादूघराचा इतिहास पाहूं गेल्यास खरा प्रश्न निराळाच निघतो. आंत कोणास घेत, आणि आंतलें बाहेर किती येई, हाच तो प्रश्न होय.

ह्या मंडळाची परिभाषा गवंडीकामांतून घेतलेली आहे. लंडनच्या चार लॉजांनीं १७१७ सालीं एकत्र येऊन पहिलें ग्रँड लॉज स्थापिलें, असें त्यांची परंपरा सांगते. गुण्या म्हणजे सरळ वर्तन, कंपास म्हणजे मनास मर्यादा, पाणसळ म्हणजे समता. नवख्यास डोळे बांधून आंत नेतात. तत्पूर्वीं त्याच्या अंगावरचा पैसा व धातूची प्रत्येक वस्तु काढून घेतात. शपथ झाल्यावर भर सभेंत त्याच्याकडे दान मागतात. देण्यास जवळ कवडीहि नाहीं, अशी त्याची स्थिति होते. मग, एखादा बंधु ह्याच स्थितींत दारीं आला तर ही घटका आठवावी, असा त्यास उपदेश होतो. सर्व विधींत मला हाच अर्थपूर्ण वाटतो.

समतेचा हा पाठ हिंदुस्थानांत मात्र उंबरठ्यावरच अडला. मुंबईंत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लॉजें होतीं, पण तीं गोऱ्यांचीं. माणेकजी करसेटजी (१८०८–१८८७) ह्या सुविद्य पारशी गृहस्थांनीं प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. त्यांनीं पॅरिस येथें दीक्षा घेतली. अखेरीस डॉ. जेम्स बर्न्स पुढें आले. काबूलांत १८४१ सालीं मारले गेलेले अलेक्झांडर बर्न्स ते ह्यांचेच बंधु. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजचे ह्या प्रांतांतील प्रमुख ह्या नात्यानें त्यांनीं १५ डिसेंबर १८४३ रोजीं एतद्देशीयांसाठीं ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हें लॉज उघडलें. तोडगा उदार खरा. पण बंधूंसाठीं निराळें घर बांधावें लागलें, हें विसरतां येत नाहीं. हिंदूंचा प्रश्न त्याहून लांबला. अनेक देव मानणारा मनुष्य एका ईश्वराची शपथ कशी घेईल, अशी शंका काढीत. कलकत्त्याचे प्रसन्नकुमार दत्त ह्यांना बरींच वर्षें खटपट केल्यावर १८७२ सालीं प्रवेश मिळाला.

विधि आटोपल्यावर भोजन, भाषणें व स्वास्थ्यचिंतन चाले. पंक्तिभेद घरोघरीं पाळला जाई त्या काळीं, निरनिराळ्या धर्मांचीं माणसें एका मेजाशीं बसत, ही गोष्ट लहान नव्हे. दानाची झोळी फिरे. गांजलेले बंधु, त्यांच्या विधवा व पोरकीं मुलें ह्यांच्या साह्यासाठीं निधि जमवीत.

ह्या झोळीचें महत्त्व तारापूरच्या इतिहासाशेजारीं ठेवल्यास अधिक उमगतें. तेथील विकाजी मेहरजी व पेस्तनजी मेहरजी ह्या बंधूंची पेढी निजाम सरकारास कर्ज पुरवी. पेस्तनजींच्या नांवावरून ओळखला जाणारा ‘पेस्तनशाही’ रुपया औरंगाबादेस पडे. तारापूरची अग्यारी ही विकाजींच्या दातृत्वाची खूण. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पांचव्या दशकांत, कर्जाच्या तारणादाखल दिलेले वऱ्हाडचे महाल निजाम सरकारनें काढून घेतले आणि पेढी बुडाली. त्याच दशकांत मुंबईस ‘रायझिंग स्टार’ निघालें. एका धनिकाचें दान त्याच्या दैवाबरोबर चढतें नि उतरतें. अनेकांच्या वर्गणीचा निधि एकाच्या दिवाळ्यानें संपत नाहीं.

आंतलें बाहेर आलें तें असें. ज्या संस्थेंत स्त्रियांस प्रवेश नव्हता, तिच्या ह्या आद्य पारशी बंधूनें, माणेकजींनीं, १८६३ सालीं मुलींसाठीं अलेक्झांड्रा इंग्रजी शाळा काढली. १८५४ सालीं ‘रायझिंग स्टार’मध्यें आलेले खरशेदजी रुस्तमजी कामा ह्यांनीं पारशी समाजांत धर्मग्रंथांच्या शास्त्रीय अभ्यासाचा पाया घातला, त्यांच्या मेसनरींतील अर्धशतकानिमित्त १९०७ सालीं जीवनजी जमशेदजी मोदी ह्यांनीं एक ग्रंथच संपादिला. हें सारें लॉजमुळेंच घडलें असें मी म्हणणार नाहीं; तथापि तेथें लागलेली एकत्र बसण्याची व हिशेबानें देण्याची संवय वायां गेली नसावी.

१९६१ सालीं भारताचें स्वतंत्र ग्रँड लॉज झालें आणि वर्णाचा वाद मिटला. पण आमच्या भागाचा माणूस एवढ्यावर समाधान मानूं शकत नाहीं. शहरांतील मेजावर बंधुभावाचीं भाषणें होऊन शंभर वर्षें लोटलीं, तरी १९४५ सालीं येथल्या वारल्यांना झरी गांवीं जमून वेठ न करण्याचा निश्चय करावा लागला. त्यांच्या अंगावरचे पैसे काढून घेण्याचा विधि कोणास करावा लागला नव्हता! गवंड्याची पाणसळ ज्या दगडावर ठेवावी त्याचीच सपाटी सांगते. ती आंतल्या फरशीवर ठेवली, हें चांगलेंच झालें. उंबरठ्याबाहेर ठेवण्याचें काम मात्र दुसऱ्यांना करावें लागलें.