पोखरणच्या आधीचे ट्रॉम्बे

18 मे 1974 रोजी सकाळी 8 वाजून 5 मिनिटांनी पोखरणची भूमी हादरली. भारताच्या अणुस्फोटाचा इतिहास बहुधा येथूनच सांगितला जातो. वस्तुतः त्या सकाळी वाळवंटात घडले ते एका दीर्घ रासायनिक उद्योगाचे अखेरचे क्षण होते.

अमेरिकेत टेक्सासमधील पँटेक्स हा अण्वस्त्रांच्या जुळणीला वाहिलेला कारखाना 1951 पासून कार्यरत होता. 1974 च्या भारताकडे तसे काहीच नव्हते. स्फोटक भिंगे चंडीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेत घडली, विस्फोटक यंत्रणेत पुण्याच्या स्फोटकसंशोधकांचा वाटा होता आणि अंतिम जुळणी विवराजवळच्या एका साध्या झोपडीवजा निवाऱ्यात झाली. गाभा मात्र आला ट्रॉम्बेहून, आणि खरा पेच तेथेच होता.

1960 साली कार्यान्वित झालेल्या सायरस अणुभट्टीत नैसर्गिक युरेनिअमच्या कांड्या जळत. एक टन इंधनातून प्लुटोनिअम मिळे ते जेमतेम किलोभर, तेही प्रखर किरणोत्सारी विखंडन-अवशेषांत विखुरलेले. ते वेगळे काढण्यासाठी होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली 1964 मध्ये पुनःप्रक्रिया संयंत्र उभे राहिले. जानेवारी 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचे उद्‌घाटन केले. कांड्या नायट्रिक आम्लात विरघळवायच्या, सेंद्रिय द्रावकाने युरेनिअम व प्लुटोनिअम खेचून घ्यायचे, मग दोहोंना विलग करायचे. कृती सांगायला सोपी. परंतु सारे जाड काँक्रीटच्या भिंतीआडून, दूरनियंत्रणाने. शिवाय प्लुटोनिअमचे द्रावण रुंद भांड्यात साठले तर शृंखला-अभिक्रिया आपोआप सुरू होण्याचा धोका! म्हणून पात्रे मुद्दाम अरुंद ठेवतात, जेणेकरून न्यूट्रॉन बाहेर निसटतील. येथे भांड्याचा आकार हीच सुरक्षा असते.

हाती आलेला धातूही लहरी. सामान्य दाबाखाली, तापमानानुसार, त्याची सहा घनरूपे होतात आणि रूप पालटताना घनता बदलते. अशा पदार्थाला अचूक आकार देणे, दाबाखाली तो कसा वागेल याचे गणित मांडणे, हे राजगोपाल चिदंबरम आणि सहकाऱ्यांचे काम होते. पी. के. अय्यंगार यांच्या गटाने मे 1972 मध्ये कार्यान्वित केलेल्या ‘पूर्णिमा’ या छोट्या प्लुटोनिअम-भट्टीने शीघ्र न्यूट्रॉनांचे वर्तन प्रत्यक्ष अभ्यासता आले. स्फोटासाठी लागलेले प्लुटोनिअम सुमारे 6 किलोच होते. ते साठवायला मात्र वर्षे लागली.

स्फोटाची क्षमता 12 किलोटन असल्याचे अधिकृतपणे सांगण्यात आले. अनेक परदेशी अनुमाने त्याहून कमी आहेत. हा वाद रंजक असला तरी दूरगामी प्रश्न निराळाच होता. हेच संयंत्र होमी भाभांच्या त्रिस्तरीय वीजकार्यक्रमातील भावी प्रजनक भट्ट्यांचीही पहिली पायरी होते. भट्टीसाठी आणि स्फोटासाठी प्लुटोनिअम काढण्याची रसायनक्रिया एकच. हेतू कोणता, हे नळ्यांतल्या द्रावणावरून ओळखता येत नाही.

सायरस कॅनडाच्या साहाय्याने उभी राहिली होती, तिचे जड पाणी अमेरिकेने दिले होते. 1956 च्या करारात शांततामय उपयोगाची हमी होती, आंतरराष्ट्रीय तपासणीची तरतूद नव्हती. भारताने 1974 च्या चाचणीला ‘शांततामय अणुस्फोट’ म्हटले. कॅनडाला ते मान्य झाले नाही. त्याने अणुसहकार्य थांबवले. लवकरच पुरवठादार राष्ट्रांचा गट आकाराला आला आणि भारतीय अणुवैज्ञानिकांना साध्या उपकरणांसाठीही पुढली तीन दशके बंद दारे ठोठावावी लागली. सायरस 31 डिसेंबर 2010 रोजी कायमची थांबवण्यात आली.