मशरूची उलटी बाजू

पीएचडीच्या पहिल्या वर्षी एका सादरीकरणात मी छातीठोकपणे म्हणाले होते, "कापड चकाकतंय, म्हणजे रेशमी आहे." गाईडनी काही न बोलता तो तुकडा उलटा करून माझ्यासमोर ठेवला. मागची बाजू चक्क सुती! तो मशरू होता.

'मशरू' म्हणजे शरियतला मान्य असलेलं. इस्लामी परंपरेत पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य. त्यावर तोडगा मागावर निघाला. ताणा रेशमाचा, बाणा सुताचा आणि वीण साटनची. रेशीम दिसायला वर, अंगाला मात्र सूत. गुजरातेत पाटण-मांडवीला आणि आपल्याकडे औरंगाबादला हिमरूसोबत मशरूही विणला जाई.

हे जमतं कसं? साध्या विणीत ताण्याचा धागा एका बाण्यावरून, एकाखालून जातो. पाचाच्या साटनमध्ये तो चार बाण्यांवरून जाऊन पाचव्याखाली अडकतो. म्हणजे सुलट बाजूला 5 पैकी 4 जागी रेशीम, उलट बाजूला 5 पैकी 4 जागी सूत. आठाच्या साटनमध्ये हेच प्रमाण 8 पैकी 7 होतं.

पण हे अडकण्याचे बिंदू शेजारी-शेजारी आले, तर जीन्सच्या कापडासारखी तिरकी रेघ दिसते. म्हणून ते दोन-दोन घरं पुढे टाकतात: 1, 3, 5, 2, 4. मग शेजारचे लांब धागे त्यांना झाकतात. पृष्ठभाग सलग होतो, प्रकाश फारसा न विखुरता एका दिशेने परततो. हीच ती चकाकी. आता सहा धाग्यांवर हे करून बघा. 1, 3, 5 आणि पुन्हा 1! सम आकडे येतच नाहीत. तीन किंवा चार घरं टाकूनही तीच गत. म्हणून सहाचं नियमित साटन होत नाही.

याची किंमतही आहे. लांब सुटे धागे नखात, बांगडीत पटकन अडकतात.

विसाव्या शतकात मशरूत रेशमाच्या जागी रेयॉन आलं, तरी वीण टिकली आणि नावही टिकलं. म्हणून सांगते, नोंदवहीत नुसतं 'रेशमी कापड' लिहू नका. ताणा कशाचा, बाणा कशाचा, वीण कोणती आणि उलटी बाजू कशी, हे चारही लिहा. नाहीतर विणकराने काढलेला तोडगा तुमच्या नोंदीतूनच पुसला जाईल.