टेक दस्तऐवजांपासून पीडीएफपर्यंत : मुद्रणरूपांतराच्या साधनांचा इतिहास (१९७७–२००८)

प्रस्तावना

छापील पानाचा इतिहास लिहिताना लेखक, प्रकाशक, मुद्रक आणि यंत्र यांची नोंद घेतली जाते. जुळणी पूर्ण झाल्यानंतर आणि पान वाचकाच्या हाती पडण्यापूर्वी रूपांतराची जी एक पायरी असते, तिची नोंद सहसा होत नाही. संगणकीय अक्षरजुळणीच्या काळात ही पायरी काही लहानशा आज्ञावलींकडे आली. त्यांना सजवलेला पडदा नाही, बटणे नाहीत. कमांड लाईनवर आज्ञावलीचे नाव, काही पर्याय आणि फाईलचे नाव टंकले की काही क्षणांत छपाईयोग्य फाईल तयार होते. प्रस्तुत लेखात डोनाल्ड कनूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणी प्रणालीच्या संदर्भात अशा साधनांच्या विकासाचा मागोवा घेतला आहे. या साधनांनी पानाचे रूप जपण्यात विलक्षण यश मिळवले. पानामागील मजकूर जपण्याची जबाबदारी मात्र त्यांच्याकडे फार उशिरा आली, आणि या विलंबाची जड किंमत देवनागरीसारख्या लिप्यांना मोजावी लागली, असे या इतिहासावरून दिसते.

डीव्हीआय : उपकरणनिरपेक्ष पान

१९७७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ कनूथ यांच्या हाती त्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते आली. पहिली आवृत्ती धातूच्या खिळ्यांनी, मोनोटाईप पद्धतीने जुळवलेली होती. नवी प्रकाशजुळणीची होती आणि ती त्यांना पसंत पडली नाही. गणिताची मांडणी करू शकणारी स्वतःची प्रणाली लिहावी, असे त्यांनी ठरवले. काही महिन्यांत संपेल असे वाटलेले हे काम सुमारे दशकभर चालले. तो खंड १९८१ मध्ये टेकवर जुळवून निघाला आणि प्रणालीचे पुनर्लेखन होऊन १९८२ मध्ये ती स्थिर रूपात आली.

टेक पान जुळवते, पण छापत नाही. छपाईयंत्रे नाना प्रकारची असल्याने जुळणीचा निकाल कोणत्याही यंत्राशी बांधलेला नसावा, या हेतूने डेव्हिड फुक्स यांनी १९७९ मध्ये 'डीव्हीआय' हा फाईलप्रकार आखला. त्या नावाचा अर्थच 'उपकरणनिरपेक्ष' असा आहे. डीव्हीआय फाईलमध्ये अक्षरांचे आकार नसतात. अमुक फाँटमधील अमुक क्रमांकाचे अक्षर अमुक ठिकाणी ठेवावे, एवढ्याच सूचना असतात. ठिकाण मोजण्याचे एकक म्हणजे एका पॉइंटाचा ६५,५३६वा भाग, दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान. इतक्या बारकाईने जागा सांगणाऱ्या या फाईलला ते अक्षर 'क' आहे की 'ख', याच्याशी मात्र कर्तव्य नव्हते. तिच्या लेखी तो एक क्रमांक होता. पुढील अनेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आहे. अर्थात त्या काळी अंतिम फलित कागद हेच असल्याने तिला दोष म्हणणे अनैतिहासिक ठरेल.

पोस्टस्क्रिप्टची मधली पायरी

झेरॉक्स कंपनीची पालो आल्टो येथील संशोधनसंस्था सोडून जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी स्थापन केली. त्यांची 'पोस्टस्क्रिप्ट' ही पानाचे वर्णन करणारी भाषा १९८५ च्या ॲपल लेझररायटर या मुद्रकाबरोबर सर्वदूर पोहोचली. मग टेकच्या जगालाही तिच्याशी जोडणे आवश्यक झाले. हे काम टॉमस रॉकिकी यांच्या 'डीव्हीआयपीएस' या आज्ञावलीने केले. डीव्हीआय वाचायची, लागणारे फाँट शोधायचे, ते आत घालायचे आणि पोस्टस्क्रिप्ट फाईल बाहेर द्यायची, असे तिचे कार्य. दुसऱ्या बाजूने एल. पीटर डॉइच यांनी पोस्टस्क्रिप्टचा अर्थ लावणारी 'घोस्टस्क्रिप्ट' ही मुक्त प्रणाली १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. त्यामुळे महागड्या मुद्रकाविनाही पोस्टस्क्रिप्ट पाहता व छापता येऊ लागले.

पोस्टस्क्रिप्ट ही केवळ वर्णनाची नव्हे, तर पूर्ण क्षमतेची संगणकभाषा आहे. तीत आवर्तने आहेत, अटी आहेत. म्हणूनच पन्नासावे पान पाहायचे तर आधीचे सारे चालवून पाहावे लागण्याचा संभव असतो. १९९१ मध्ये वॉर्नॉक यांनी 'कॅमेलॉट' या नावाच्या टिपणात यावर तोड सुचवली : पोस्टस्क्रिप्ट एकदा चालवावे, त्यातून प्रत्यक्ष काय रेखाटले गेले तेवढेच नोंदवावे आणि बाकीचे गाळून टाकावे. त्यातूनच १९९३ मध्ये पीडीएफ अवतरले. रूपांतर करणाऱ्या साधनाला अडोबीने 'डिस्टिलर' म्हणजे ऊर्ध्वपातनयंत्र असे नाव दिले, ते सार्थ आहे. आरंभी हे साधन महाग होते. इतकेच नव्हे तर पीडीएफ वाचण्याच्या प्रणालीसाठीही पैसे मोजावे लागत. विद्यापीठांतील टेकच्या उपयोजकांना दिलासा मिळाला तो घोस्टस्क्रिप्टमुळे. त्याच्याबरोबर येणारी 'पीएस-टू-पीडीएफ' ही एका ओळीची आज्ञा तेच काम विनामूल्य करू लागली.

रूपांतरातील पडझड

अशा रीतीने टेक, डीव्हीआय, पोस्टस्क्रिप्ट आणि पीडीएफ अशी साखळी तयार झाली. साखळीच्या प्रत्येक सांध्यावर काही ना काही गळत असे.

पहिली तक्रार अक्षरांच्या दर्जाची होती. कनूथ यांचे 'कॉम्प्युटर मॉडर्न' हे फाँट 'मेटाफाँट' प्रणालीतून ठिपक्यांच्या चित्रांच्या रूपाने निघत. ३०० किंवा ६०० ठिपके प्रतिइंच या हिशेबाने काढलेली ही चित्रे कागदावर सुरेख उमटत. पण पीडीएफमध्ये 'टाईप ३' फाँट म्हणून शिरली की त्या काळच्या वाचकप्रणालींच्या पडद्यावर ती ओबडधोबड आणि अस्पष्ट दिसत. शिवाय त्या चित्रांना प्रमाणित नावे नसल्याने मजकुराचा शोधही बेभरवशाचा होई. ब्लू स्काय रिसर्च आणि वाय अँड वाय या कंपन्यांनी याच फाँटची बाह्यरेषांवर आधारलेली 'टाईप १' रूपे तयार केली होती. १९९७ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या मार्फत ती सर्वांना विनामूल्य खुली झाली. टेकमधून निघणाऱ्या पीडीएफचा चेहरा त्यानंतर पालटला, आणि यामागे नवा शोध नव्हता, परवान्यातील बदल होता, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासकाराने ध्यानात ठेवावी अशी आहे.

दुसरी अडचण कागदाच्या मापाची. डीव्हीआय फाईलमध्ये कागदाचे माप नसते. ते रूपांतर करणाऱ्याला गृहीत धरावे लागते. अमेरिकी 'लेटर' कागद २१६ × २७९ मिलिमीटरचा, तर भारतात रूढ असलेला 'ए ४' २१० × २९७ मिलिमीटरचा. साखळीतील एका साधनाने एक माप गृहीत धरले आणि दुसऱ्याने दुसरे, की मजकूर सुमारे १८ मिलिमीटर वर किंवा खाली सरके. दोन्ही आज्ञांमध्ये माप स्पष्टपणे सांगणे हाच त्यावरचा उपाय होता.

तिसरा प्रकार अधिक बोधक आहे. कनूथ यांच्या फाँटमध्ये काही चिन्हे अगदी आरंभीच्या क्रमांकांवर बसवलेली होती. संगणकाच्या सामान्य व्यवहारात हे क्रमांक नियंत्रणचिन्हांचे मानले जात असल्याने काही पीडीएफ प्रणाली ती चिन्हे गिळून टाकत. म्हणून डीव्हीआयपीएसमध्ये ती वरच्या क्रमांकांवर हलवणारा 'जी' हा पर्याय आला आणि पीडीएफसाठीच्या तयार मांडणीत तो अंतर्भूत झाला. कनूथ यांच्या फाँटना तो लागू पडला. परंतु अन्य फाँट वापरले असता रोमन 'एफ' आणि 'आय' यांच्या जोडचिन्हाच्या जागी ब्रिटिश पौंडाचे चिन्ह उमटू लागले. रूपांतर करणारे साधन अक्षर ओळखत नाही, क्रमांक ओळखते, याचा याहून स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

मधल्या पायऱ्या गाळण्याचे प्रयत्न

लांब साखळीवरचा सरळ उपाय ती आखूड करणे हा होता. चेक प्रजासत्ताकातील ब्र्नो येथील मासारिक विद्यापीठात हान थे थान्ह या व्हिएतनामी विद्यार्थ्याने टेकमधूनच थेट पीडीएफ काढणारी 'पीडीएफटेक' ही प्रणाली विकसित केली. २००० मध्ये पूर्ण झालेला त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध परिच्छेदाच्या कडा आणि अक्षरांची रुंदी यांच्या सूक्ष्म समायोजनावर आहे. विद्यार्थ्याच्या प्रबंधकार्यातून निघालेली प्रणाली जगभरातील टेक उपयोजकांचे रोजचे साधन व्हावी, असे क्वचितच घडते.

डीव्हीआय हा टप्पा राखून केवळ पोस्टस्क्रिप्ट गाळण्याचा मार्ग मार्क विक्स यांच्या 'डीव्हीआयपीडीएफएम'ने दाखवला. जिन-ह्वान चो आणि शुनसाकु हिराता यांनी त्याचा विस्तार करून कोरियन, जपानी व चिनी लिप्यांच्या हजारो अक्षरांचा भार पेलणारी आवृत्ती सिद्ध केली. मजकुराच्या दृष्टीने हा टप्पा महत्त्वाचा आहे. इतकी अक्षरे हाताळायची तर कोणता आकार कोणत्या वर्णाचा, हे फाईलमध्ये नोंदवणे निकडीचे होते, आणि या कामासाठी पीडीएफमध्ये १९९६ पासून 'टू-युनिकोड' नावाच्या तक्त्याची सोय होती.

देवनागरीचा प्रश्न

देवनागरी टेकमध्ये आणण्याचे श्रेय नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठाचे फ्रान्स व्हेल्टहाउस यांना दिले जाते. १९९१ मधील त्यांच्या संचात लेखकाने देवनागरी मजकूर साध्या रोमन लिप्यंतरात टंकायचा आणि 'देवनाग' या पूर्वप्रक्रियेच्या आज्ञावलीने त्यातून मात्रा, अर्धाक्षरे व जोडाक्षरे यांचे फाँटमधील क्रमांक काढून द्यायचे, अशी योजना होती. छपाई उत्तम होई. पुढे प्रागमधील कारेल पिश्का यांनी मेटाफाँटमधील अनेक भारतीय फाँटची टाईप १ रूपे तयार केल्यावर पडद्यावरचे रूपही सुधारले. तथापि फाँटमधील क्रमांकांचा वर्णांशी काहीच प्रमाणित संबंध नसल्याने त्या पीडीएफमधून उतरवून घेतलेला मजकूर म्हणजे रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा निरर्थक गुंता असे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य मुद्रणव्यवहार टेकवर चालत नव्हता. तो पेजमेकरसारख्या प्रणालींत आणि श्री-लिपी, आयएसएम इत्यादी संचांतील फाँटवर चालत होता. तरीही परिणाम तोच झाला. या फाँटमध्ये देवनागरीचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले होते आणि डिस्टिलरने ते तसेच पीडीएफमध्ये उतरवले. म्हणूनच त्या काळातील असंख्य मराठी शोधनिबंधांच्या पीडीएफ प्रती आज डोळ्यांना वाचता येतात, पण त्यांतील एखादे व्यक्तिनाम वा ग्रामनाम यंत्राला शोधून देता येत नाही. ग्रंथालयाच्या दृष्टीने ही पाने छायाचित्रांहून फारशी वेगळी नाहीत.

युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत स्थान होते. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'झीटेक'ने युनिकोड मजकूर सरळ स्वीकारण्यास सुरुवात केली. आता तरी प्रश्न सुटावा, अशी अपेक्षा होती. तो अर्धाच सुटला. 'शिक्षण' हा शब्द लिहिताना 'श' हा वर्ण आधी व इकार नंतर येतो, पण पानावर वेलांटी आधी रेखाटली जाते. 'धर्म' शब्दातील रफार उच्चारात 'म'पूर्वी आहे, रेखाटनात 'म'च्या डोक्यावर. पीडीएफ रेखाटनाचा क्रम नोंदवते. टू-युनिकोड तक्ता प्रत्येक आकाराचा वर्ण अचूक सांगू शकतो, मात्र वर्णांचा क्रम तो दुरुस्त करू शकत नाही. त्यासाठी संपूर्ण शब्दाखाली त्याचा मूळ मजकूर दडवून ठेवण्याची वेगळी सोय पीडीएफमध्ये २००१ च्या सुमारास आली. पण ती असणे आणि रूपांतर करणाऱ्या साधनाने ती वापरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

जतन कशाचे?

२००५ मध्ये दीर्घकालीन जतनासाठी 'पीडीएफ/ए' हे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ १९००५-१) आले. त्याने दोन पातळ्या ठरवल्या. 'बी' पातळी पानाच्या केवळ दृश्यरूपाची हमी देते. 'ए' पातळीत मजकुराची रचना आणि त्याचे युनिकोड रूप सांभाळणे बंधनकारक आहे. खुद्द पीडीएफ २००८ मध्ये आयएसओ ३२०००-१ म्हणून मानक झाले. 'बी'ची पूर्तता सुकर असल्याने संस्था तिच्यावर समाधान मानतात, हे समजण्यासारखे असले तरी भारतीय लिप्यांच्या बाबतीत ते पुरेसे नाही.

पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये लॉस अलामोस येथे सुरू केलेल्या आणि २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेलेल्या 'अर्काइव्ह' या भौतिकशास्त्राच्या निबंधसंग्रहाने निराळी वाट चोखाळली. टेकमध्ये लिहिलेल्या निबंधाची तयार पीडीएफ तेथे स्वीकारली जात नाही, मूळ टेक फाईल मागितली जाते आणि पीडीएफ तिच्यावरून संग्रहातच तयार होते. फाँट सुधारले, साधने बदलली, की जुना निबंध नव्याने काढता येतो.

मराठीच्या संदर्भात याचा पडताळा व्हेल्टहाउस यांच्या पद्धतीतच मिळतो. १९९० च्या दशकात त्या पद्धतीने जुळवलेल्या पीडीएफमधून आज एक शब्दही धड उतरवून घेता येत नाही. त्यांच्या मूळ फाईल मात्र साध्या रोमन लिप्यंतरात, उच्चाराच्या क्रमाने टंकलेल्या आहेत. ते लिप्यंतर यांत्रिकपणे युनिकोड देवनागरीत बदलता येते आणि झीटेकवर पुन्हा जुळवता येते. ज्यांनी तयार पीडीएफबरोबर मूळ फाईलही जपून ठेवली, त्यांचा मजकूर शाबूत आहे.