दातांच्या फटीतला थर

'रोज दोन वेळा दात घासावेत' हे वाक्य आपण मुलांना पहिलीपासून शिकवतो. पण दाढेचा एक साधा हिशेब सहसा शिकवत नाही. दाढेला पाच बाजू असतात: एक चावण्याची, एक गालाकडची, एक जिभेकडची आणि दोन शेजारच्या दातांकडच्या. दात घासण्याचा ब्रश पहिल्या तीन बाजूंवर चांगला फिरतो. उरलेल्या दोन बाजू फटीत दडलेल्या असतात. तिथे ब्रशचे केस नीट पोचतच नाहीत. मग तिथे काय साठते, आणि ते निघते कशाने? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधायला विज्ञानाला तीनशेहून अधिक वर्षे लागली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर अजूनही पुरते मिळालेले नाही.

डेल्फ्टचा कापडव्यापारी

हॉलंडमधील डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेव्हेनहूक (१६३२–१७२३) कापडाचा व्यापार करीत असे. भिंगे घासण्याचा त्याला छंद होता. त्याचे सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या पट्टीत बसवलेले एकच इवलेसे भिंग. त्याच्या आज शिल्लक असलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी सर्वांत चांगले वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

१७ सप्टेंबर १६८३ रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र पाठवले. विषय होता स्वतःचे दात. तो रोज सकाळी दात मिठाने घासून पाण्याने चूळ भरत असे. जेवणानंतर दाढा काडीने कोरत असे आणि कापडाने पुसत असे. त्या काळच्या मानाने त्याचे दात फारच स्वच्छ होते. तरीही काही दाढांच्या मध्ये भिजवलेल्या पिठासारखा पांढरा, दाट पदार्थ साठलेला त्याला दिसला. तो त्याने पावसाच्या पाण्यात कालवून भिंगाखाली धरला आणि तो थक्कच झाला. त्यात असंख्य चिमुकले जीव हालचाल करीत होते. काही पाण्यातून माशासारखे सुळकन जात होते, तर काही भोवऱ्यासारखे गिरक्या घेत होते. या जिवांची त्याने काढवून घेतलेली चित्रे ही जिवाणूंची सर्वांत जुनी चित्रे मानली जातात.

याच पत्रात एक छोटा प्रयोग आहे. लेव्हेनहूकने तोंडात व्हिनेगर घेतले आणि दात मिटून ते फटींमधून पुन्हापुन्हा खेळवले. मग चूळ भरून दातांमधला पदार्थ पुन्हा कोरून काढला. जीव अजून जिवंतच होते! पण तोच पदार्थ पाण्यात कालवून त्यात किंचित व्हिनेगर मिसळले, तेव्हा ते लगेच मेले. यावरून त्याने निष्कर्ष काढला की तोंडातल्या व्हिनेगरने थराच्या बाहेरचे जीव तेवढे मारले; थराच्या आत ते शिरलेच नाही.

म्हणजे औषध जालीम असूनही उपयोग होत नाही, कारण ते पोचत नाही. आज आपण या थराला 'प्लाक' म्हणतो. दातावर राहून गेलेले अन्नाचे कण म्हणजे प्लाक नव्हे. स्वतःच तयार केलेल्या चिकट द्रव्यात रुतून बसलेली ती जिवाणूंची वस्ती असते. अशा वस्त्यांना 'बायोफिल्म' म्हणतात आणि त्यांचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरू झाला. आतल्या जिवाणूंची वाढ मंद असते, हेही त्यांच्या चिवटपणाचे एक कारण आहे. चूळ भरून प्लाक जात नाही. तो खरवडून, घासून मोडावाच लागतो.

जिवाणू दिसले, पण गुन्हा?

लेव्हेनहूकने जिवाणू पाहिले; ते रोग करतात असे त्याने म्हटले नाही. ते दाखवायला पुढे दोनशे वर्षे गेली. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली मांडले की तोंडातले जिवाणू पिष्टमय आणि गोड पदार्थांपासून आम्ल बनवतात आणि त्या आम्लाने दात किडतो.

हिरड्यांचे काय? हिरड्या सुजणे, त्यातून रक्त येणे, पुढे दाताचा आधार झिजून दात हलणे हे वय, आहार किंवा प्रकृती यांच्यामुळे होते, असे पुष्कळांना वाटे. निर्णायक प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथे हराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दातांची सर्व स्वच्छता थांबवायला सांगितली. प्लाक साठत गेला आणि १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. कारण आणि परिणाम यांची इतकी स्वच्छ साखळी वैद्यकात क्वचितच पाहायला मिळते. कारण घातले तेव्हा रोग आला, कारण काढले तेव्हा रोग गेला.

दोरा, काडी आणि ब्रश

म्हणजे फटीतला प्लाक काढायलाच हवा. काढायचा कशाने? अमेरिकेतील दंतवैद्य लेव्ही स्पिअर पार्म्ली याने १८१९ सालच्या पुस्तकात मेण लावलेला रेशमी दोरा दातांमधून फिरवण्याचा सल्ला दिला होता. १९४० च्या दशकात रेशमाच्या जागी नायलॉन आले.

दोऱ्याची अडचण भूमितीची आहे. हिरडी खाली सरकली की दाताचे मूळ उघडे पडते, आणि मुळाची बाजू नेहमी सपाट किंवा फुगीर नसते. वरच्या पहिल्या उपदाढेच्या पुढच्या बाजूला तर पन्हळीसारखा खोलगट भाग असतो. पन्हळीवर ताणून धरलेली दोरी दोन्ही कडांना टेकते, तळाला लागत नाही. दोऱ्याचेही तसेच होते.

बाटली धुण्याच्या ब्रशची अगदी लहान आवृत्ती म्हणजे इंटरडेंटल ब्रश. बारीक तारेच्या पिळात आडवे केस बसवलेले असतात. तो फटीतून आतबाहेर केला की केस खोलगट भागातही पसरतात. नॉर्वेचे येन्स व्हेरहॉग यांनी १९७६ साली दाखवले की हा ब्रश नियमित वापरणाऱ्यांच्या दातांच्या फटीकडील बाजू हिरडीच्या वर स्वच्छ राहतात. इतकेच नव्हे, तर हिरडीच्या कडेखाली २ ते २.५ मिलिमीटरपर्यंतचा प्लाकही निघतो. मात्र ब्रश फटीच्या मापाचा हवा. फार बारीक ब्रश दाताला लागतच नाही, आणि जाड ब्रश जबरदस्तीने घुसवला तर हिरडीला इजा होते. म्हणूनच या ब्रशांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, ब्रश किती व्यासाच्या भोकातून जाऊ शकतो, यावर त्याचे माप ठरते. तरुण, निरोगी तोंडात हिरडीने फट भरलेली असते. तिथे हा ब्रश शिरतच नाही.

पुराव्याचे वजन

एवढे सगळे पटण्यासारखे आहे. पण पटणे आणि सिद्ध होणे वेगळे. २०१२ सालच्या एका आढाव्यात ५९ शोधनिबंधांतील मोजमापे एकत्र केली. साध्या ब्रशने एकदा दात घासल्यावर प्लाक सरासरी ४२ टक्केच कमी होतो असे आढळले. इंटरडेंटल ब्रशची जोड दिल्याने किती फरक पडतो? २०१३ साली कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात या प्रश्नाला थेट भिडणारी एकच चाचणी सापडली. तीत माणसे होती ६२. महिन्याभरात हिरड्यांची सूज ३४ टक्क्यांनी आणि प्लाक ३२ टक्क्यांनी कमी दिसला. २०१९ च्या मोठ्या आढाव्यात फटी स्वच्छ करण्याच्या सर्व साधनांच्या ३५ चाचण्या आणि ३९२९ माणसे होती. निष्कर्ष जपून लिहिलेला होता: केवळ दात घासण्यापेक्षा दोरा किंवा इंटरडेंटल ब्रश यांची जोड दिल्यास हिरड्यांची सूज कमी होऊ शकते, सूज कमी करण्यात ब्रश दोऱ्यापेक्षा सरस असू शकतो, पण पुराव्याची खात्री कमी ते अत्यल्प आहे. दात किडण्यावर काय परिणाम होतो, हे तर यांपैकी एकाही चाचणीत मोजलेले नव्हते.

पुरावा इतका कमकुवत का? एक, आपण ब्रश वापरतो आहोत की नाही हे वापरणाऱ्याला कळतेच; नव्या औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देतात तसा खोटा ब्रश देता येत नाही. दोन, बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच असतात. दाताचा आधार झिजायला वर्षे लागतात. तीन, भाग घेणाऱ्या अनेकांच्या हिरड्या मुळात फारशा सुजलेल्या नव्हत्या. आणि चार, साधन कितीही चांगले असले तरी ते वापरणारा हात महत्त्वाचा. २००६ सालच्या एका आढाव्यात आढळले की शाळेच्या दिवशी प्रशिक्षित माणसाने रोज मुलांच्या दातांमधून दोरा फिरवला, तेव्हा फटीतली कीड सुमारे ४० टक्के कमी झाली. मुलांनी स्वतः फिरवला, तेव्हा काहीच फरक दिसला नाही.

२०१६ साली अमेरिकी वृत्तपत्रांत 'दोऱ्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही' अशा बातम्या झळकल्या आणि पुष्कळांनी त्याचा अर्थ 'दोरा निरुपयोगी आहे' असा घेतला. उपयोगाचा पुरावा कमी असणे वेगळे आणि उपयोग नसल्याचा पुरावा असणे वेगळे. प्लाकमुळे हिरड्या सुजतात हे पक्के आहे. प्लाक घासूनच निघतो हेही पक्के आहे. कोणते साधन, कोणाच्या हातात, किती वर्षांत किती दात वाचवते, हे मात्र अजून मोजायचे आहे.

वर्गात करून पाहा

लेव्हेनहूकचा प्रयोग वर्गात वेगळ्या रूपात दाखवता येतो. कणकेत भरपूर हळद घालून घट्ट गोळा मळा. धुण्याच्या सोड्याचे पाणी करून त्यात हा गोळा एक मिनिट बुडवा, बाहेर काढून सुरीने मधोमध कापा. बाहेरची बाजू लाल आणि आतली पिवळीच दिसेल. आता तीच पिवळी कणीक चिमूटभर घेऊन साध्या पाण्यात कालवा आणि त्यात सोड्याचे पाणी ओता. सगळे पाणी लाल होईल. सोड्याचे पाणी शिक्षकांनीच हाताळावे आणि प्रयोगानंतर सर्वांनी हात धुवावेत.

मग मुलांना विचारा: पहिल्यांदा आतली हळद पिवळीच का राहिली? गोळा आतपर्यंत लाल करायचा तर काय करावे लागेल? 'तो मोडावा लागेल' हे उत्तर मुलांकडून आले, की चूळ भरणे आणि दात घासणे यांतला फरक वेगळा सांगावा लागणार नाही.